संबळाच्या तालावर

आमच्या राणीसावरगावात रेणुकादेवीचं ठाणं आहे, त्यामुळे लग्नानंतर गोंधळ घालायचा हे ठरलेलंच. लहानपणी मी आजीच्या मांडीवर पेंगत तो ऐकायचे. ज्वारीची ताटं उभी करून खाली चौक मांडलेला, कलश, पेटलेली पोत, संबळ, तुणतुणं. गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा. पहिली रेणुकेची, दुसरी तुळजाभवानीची. आधी गण, मग गावोगावच्या देवांना आवतण, मग आख्यान, आणि उजाडताना आरती. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी हा गोंधळ अंगणातून रंगमंचावर नेला, त्यांना लोक गोंधळमहर्षी म्हणत.

मला आठवतो तो पायांचा ठेका. एरवी मुकी असणारी माणसं त्या रात्री डोलायची, रडायचीसुद्धा. गोंधळ म्हणजे औषध नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण शरीर हललं की मन सैल होतं, हे आजीला ठाऊक होतं. तिकडे अमेरिकेत नर्तिका मॅरियन चेस यांनी १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात नृत्यातून उपचार सुरू केले. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं कोलकाता संवेद या संस्थेसोबत याच विषयाचा अभ्यासक्रम चालवला.

मला तेच शिकून गावी परतायचंय. परीक्षेच्या, नापिकीच्या धास्तीनं गप्प झालेल्या पोरापोरींना आधी नाचू द्यायचं, मग बोलतं करायचं.

तोवर घरातलं पोर गप्प दिसलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक लावा. वाट पाहू नका.