बॅकअपवरून नवा डेटाबेस
बॅकअपमधील माहिती मूळ डेटाबेसला धक्का न लावता नव्या नावाने उतरविता येते. चांदवडसारख्या तालुक्यातील संगणकीकृत सातबाऱ्यावर चुकीची नोंद चढली आणि चालू डेटाबेसवरच जुना बॅकअप उतरविला, तर नंतरचे सारे फेरफार पुसले जातील. वेगळ्या डेटाबेसमध्ये मात्र पूर्वीची नोंद निर्धास्तपणे पाहता येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी नावाबरोबर डेटा व लॉग फायलींचे स्थानही बदलावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बहुधा आधी रिकामा डेटाबेस तयार करतात. मग नोंदींची संख्या व वापरकर्त्यांचे अधिकार पडताळावेत. सातबाऱ्यातील लेखनप्रमादाची दुरुस्ती मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसारच होते. कधीही उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे ठरते.