एका कार्डाचे दोन ड्रायव्हर

लिनक्स असलेल्या संगणकावर आपण ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीचा ड्रायव्हर बसवतो, संगणक पुन्हा सुरू करतो आणि पडदा काळाच राहतो. यंत्र बिघडले असे वाटते. पुष्कळदा बिघडलेले काहीच नसते. एका कार्डावर दोन ड्रायव्हरांनी हक्क सांगितलेला असतो. हे दोघे आले कोठून?

ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्रभाग यांच्यातला दुभाषा. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीत लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. पुढे बरीच वर्षे पडद्यावरच्या चित्रांचे काम मुख्यतः एक्स विंडो ही वेगळी प्रणाली पाही आणि कर्नलला वळसा घालून कार्डाशी परस्पर बोले. एनव्हिडिया कंपनीने आपल्या कार्डांसाठी ड्रायव्हर दिला, पण बंद पेटीसारखा. त्यातली मूळ आज्ञावली कोणाला वाचता येत नव्हती.

२००५च्या सुमारास स्टेफान मार्शेसाँ याने खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. त्याचे नाव 'नूव्हो', फ्रेंचमध्ये 'नवा'. कार्डाची माहितीपत्रके हाती नव्हती. मग बंद ड्रायव्हर कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहितो, याची नोंद ठेवायची. एखादी गोष्ट बदलायची, आकडे कसे बदलतात ते पाहायचे आणि अर्थ लावायचा. पेटी न उघडता आत काय आहे ते ओळखण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो, तोच हा. फक्त पेटीत हजारो खण!

२०१० साली नूव्हो कर्नलमध्येच दाखल झाला आणि भांडण सुरू झाले. संगणक सुरू होताच तो कार्डाचा ताबा घेतो. मागून आलेल्या कंपनीच्या ड्रायव्हरला जागा उरत नाही. म्हणून एका छोट्या फाईलीत नूव्होचे नाव लिहून त्याला मज्जाव करतात. या नोंदीला 'ब्लॅकलिस्ट' म्हणतात. एवढ्यावर थांबले तर मात्र फसगत होते. सुरुवातीला स्मृतीत चढणाऱ्या आरंभ-फाईलीत नूव्होची प्रत असू शकते, म्हणून तीही नव्याने बनवावी लागते. शिवाय कर्नल बदलला की कंपनीचा भाग त्याच्यासाठी पुन्हा घडवावा लागतो. तो राहिला तर एकाला मज्जाव, दुसरा तयार नाही, अशी दोन्हीकडून अडचण.

२०१२ साली फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्सने एनव्हिडियावर जाहीरपणे राग काढला. मे २०२२मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. चित्र घडवणारा वरचा भाग बंदच ठेवला. हा खुला भाग आणि नूव्हो यांनाही एक कार्ड एकाच वेळी चालवता येत नाही. ब्लॅकलिस्टची ती ओळ तेव्हाही लागलीच.