प्रोग्राम राहतो कुठे?

संगणकाच्या पडद्यावरचे एखादे चित्र पुसून टाकले, म्हणजे तो प्रोग्राम संगणकातून गेला का? तेच चित्र पेनड्राइव्हवर उतरवून घरी नेले, तर घरच्या संगणकावर तो प्रोग्राम चालेल का? हे दोन प्रश्न वर्गात विचारून पाहावेत. पटकन 'हो' म्हणणारे विद्यार्थी निघतातच. विंडोज वापरणाऱ्या संगणकावर दोन्हींचे उत्तर सहसा 'नाही' असे आहे. ते तसे का, हे समजून घ्यायचे तर आपल्याला चाळीसहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. प्रोग्राम फ्लॉपीवर असे आणि फ्लॉपी हातात धरता येई. प्रोग्राम कुठे आहे? टेबलाच्या वरच्या खणात, नाव लिहिलेल्या पाकिटात! एका फ्लॉपीवर १६० किलोबाइट माहिती मावे. डॉस या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत अशा फ्लॉपीवर फाइलींची एकच सपाट यादी असे आणि तीत जास्तीत जास्त ६४ नावे बसत. नाव आठ अक्षरांचे, पुढे टिंब आणि तीन अक्षरांचा प्रत्यय. हा नियम, तसेच ड्राइव्हना 'ए', 'बी' म्हणण्याची रीत, गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून आली होती.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा 'एक्सटी' हा संगणक आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती, म्हणजे वरच्यासारख्या साठेक फ्लॉपींचा ऐवज एकाच पेटीत. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपींसाठी राखलेली असल्याने हार्ड डिस्कच्या वाट्याला 'सी' आले. आज फ्लॉपी दिसेनाशी झाली, तरी ते 'सी' कायम आहे. एवढ्या मोठ्या जागेत एकच सपाट यादी ठेवणे म्हणजे गावात घरांना क्रमांक नाहीत, गल्ल्यांना नावे नाहीत, अशी अवस्था. म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने फाइलींची झाडासारखी रचना स्वीकारली. मूळ एक, त्याला फांद्या, फांद्यांना उपफांद्या.

ही कल्पना नवी नव्हती. मल्टिक्स या मोठ्या संगणकावरील प्रणालीसाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी ती १९६५ मध्ये मांडली होती. तेथून ती युनिक्समध्ये आली आणि युनिक्सकडून डॉसने घेतली. घेताना एक अडचण आली. युनिक्समध्ये फांद्यांची नावे तिरप्या रेघेने जोडतात. पण डॉसच्या पहिल्या आवृत्तीत ती रेघ आज्ञेला सूचना जोडण्यासाठी आधीच वापरली गेली होती. मग उलट्या बाजूला कललेली रेघ घेण्यात आली. एरवी क्वचित लागणारी ती कळ आज कळफलकावर परिचित झाली आहे, ती मुख्यतः या जुन्या तडजोडीमुळे.

झाड आले आणि खरा प्रश्न उभा राहिला. आपण फक्त प्रोग्रामचे नाव टाइप करतो. तो कोणत्या फांदीवर आहे, हे संगणकाला कसे कळावे? यासाठी 'पाथ' नावाची यादी करण्यात आली. ग्रंथालयातील शिपायाला 'आधी हातातली चळत बघ, मग तिसरे कपाट, मग सातवे' असे सांगून ठेवावे, तशी ही यादी असते. संगणक आधी चालू डिरेक्टरीत पाहतो आणि मग यादीतील डिरेक्टऱ्या क्रमाने धुंडाळतो. पहिला सापडला की शोध थांबतो. एकाच नावाचे दोन प्रोग्राम असतील, तर यादीत आधी येणारा चालतो; मग आपण नवी आवृत्ती बसवलेली असली तरी जुनीच चालत राहते. आजच्या विंडोजमध्येही ही यादी आहे. कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर' ही आज्ञा देऊन पुढे प्रोग्रामचे नाव लिहिले, की चालू डिरेक्टरीत आणि यादीत त्या नावाचे जितके प्रोग्राम असतील तितक्यांचे पत्ते मिळतात. एकाऐवजी दोन पत्ते दिसले, की पुष्कळ कोडी तेथेच सुटतात.

नंतर विंडोज आले आणि नावाची जागा चित्राने घेतली. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये चित्रामागे प्रोग्रामचा पत्ता लिहिलेला असे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ मध्ये 'शॉर्टकट' नावाची छोटी फाइल आली. तिच्यात प्रोग्राम नसतो. तो कुठे आहे एवढेच लिहिलेले असते. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही, आणि पाटी उचलून दुसऱ्या गावी नेली तर घर सोबत येत नाही. सुरुवातीच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर येथे आहे.

विंडोज ९५ नेच 'प्रोग्राम फाइल्स' ही ठरावीक वसाहत वसवली. पण सगळे बिऱ्हाड तेथे राहिले नाही. अनेक प्रोग्राम आपले काही भाग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवत आणि आपल्या नोंदी 'रजिस्ट्री' या मध्यवर्ती दप्तरात करत. त्यामुळे नुसते फोल्डर पुसून प्रोग्राम पूर्णपणे काढता येत नाही; तो रीतसर 'अनइन्स्टॉल' करावा लागतो. वसाहतीचे नावही सर्वत्र एक नव्हते. जर्मन विंडोज एक्सपीत ते 'प्रोग्रामं' अशा अर्थाच्या जर्मन शब्दाने होते, स्पॅनिश आवृत्तीत आणखी वेगळे. ज्या प्रोग्रामरांनी इंग्रजी पत्ता गृहीत धरला, त्यांचे प्रोग्राम तेथे अडखळत. पुढे ६४ बिटांचे विंडोज एक्सपी आले, तेव्हा जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रामांसाठी वेगळी वसाहत झाली: 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)'. शोधताना दोन्हीकडे पाहावे लागते ते यामुळे.

आज पत्ता काढायचा सोपा मार्ग असा. चित्रावर उजवी कळ दाबून 'ओपन फाइल लोकेशन' निवडावे. स्टार्ट मेनूतून गेलो, तर पहिल्यांदा पाटीच हाती लागते. तिच्यावर तीच क्रिया पुन्हा करावी. प्रोग्राम चालू असेल, तर टास्क मॅनेजरमधील त्याच्या नावावरूनही हेच करता येते, आणि आम्हाला हा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. पाटी काय म्हणते यापेक्षा प्रत्यक्ष काय चालू आहे, ते तो दाखवतो.

काही प्रोग्राम मात्र 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये सापडणार नाहीत. २००८ मध्ये आलेला क्रोम हा ब्राउझर सुरुवातीला वापरणाऱ्याच्या खाजगी, एरवी लपलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरात बसत असे, कारण तेथे लिहायला व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. शाळेच्या एकाच संगणकावर एका खात्यात दिसणारा प्रोग्राम दुसऱ्या खात्यात दिसत नाही, याचे कारण अनेकदा हेच असते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या 'स्टोअर'मधून घेतलेले ॲप 'विंडोजॲप्स' या लपवलेल्या फोल्डरात जातात. बाहेरच्या घातक प्रोग्रामांनी त्यांत ढवळाढवळ करू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तो फोल्डर उघडायला गेले, तर संगणकाच्या व्यवस्थापकालाही प्रथम परवानगी नाकारली जाते.