पाऊल लोंबले की दोष मणक्याचाच?

चालताना पाऊल लोंबते, बोटे जमिनीला घासतात, चप्पल पायातून निसटते. अशा माणसाला घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच सांगतात : मणक्यात गॅप आहे, नस दबली. एमआरआय होतो, चकती फुगलेली दिसते आणि शोध तिथेच थांबतो.

हे मत निराधार नाही. कमरेतली पाचवी नस दबून पाऊल लोंबते, हे खरेच. पण फुगलेली चकती दिसली म्हणून तीच कारण, हे कशावरून? 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाठदुखी नसलेल्या 98 जणांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची एक तरी चकती फुगलेली निघाली. चित्र पुरावा देते, निवाडा नाही.

निवाडा पायाशी होतो. पाऊल आत वळवण्याची ताकदही गेली असेल तर कमरेचा संशय रास्त. ती शाबूत असेल तर बोट गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या मानेवर न्यावे. तिथे पाऊल उचलणारी नस कातडीखालीच असते. तासन्‌तास उकिडवे बसून खुरपणी केल्याने ती चेपते. वजन झपाट्याने घटले की तिच्याभोवतीची चरबी जाते. क्वचित शेजारच्या सांध्यातला द्रव नसेत शिरून गाठ होते.

आणि कुष्ठरोग. 2005 अखेर देशात दर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले, तेव्हा ‘निर्मूलन’ जाहीर झाले. लोकांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांनीही. जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतातच सापडतात. या रोगात नस दोरीसारखी जाड होते, बोटाला लागते. कधी अंगावर एकही चट्टा नसतो. पहिल्या सहा महिन्यांत स्टिरॉइड मिळाले तर गेलेली ताकद परतण्याची चांगली आशा असते. हेच महिने कमरेच्या पट्ट्यात आणि ट्रॅक्शनमध्ये जातात, याची चीड येते.

दोष मेंदूतही असू शकतो. पायाचा भाग दोन्ही गोलार्धांच्या मधल्या भिंतीवर असतो. तिथल्या गाठीने फक्त पाऊल लोंबू शकते. तळव्यावर रेघ ओढताच अंगठा वर उठला, तर कमरेचा एमआरआय उत्तर देणार नाही.

लघवी अडली असेल तर तासभरही थांबू नका, कमरेचीच तपासणी करून घ्या. एरवी शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी डॉक्टरांना एवढेच म्हणा : गुडघ्याखालची नस एकदा चाचपून पाहा.