हलवलेल्या गावांची सहल

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना मी 'डे आउट' या दोन साध्या शब्दांपाशी अडले. कादंबरीतलं कुटुंब रविवारी डबे भरून, मुलांना गाडीत कोंबून शहराबाहेरच्या एका जुन्या हवेलीच्या आवारात दिवस घालवायला जातं. मी आधी 'सहल' लिहिलं, पण सहल म्हणजे शाळेची, लाल एसटीची, गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली. 'वनभोजन' लिहून पाहिलं, तर आवळ्याचं झाड आणि कार्तिक महिना आला. 'जत्रा' म्हणावं तर देव हवा. शेवटी 'सहल'च ठेवलं. पुढचा शब्द त्याहून अवघड निघाला. हे कुटुंब जातं कुठे? 'कंट्रीसाइड'ला. मी लिहिलं, 'खेड्याकडे'. संपादकबाईंनी समासात पेन्सिलीने विचारलं : या प्रकरणात खेडं कुठे आहे?

प्रश्न रास्त होता. प्रकरणात हिरवळ होती, ओकची झाडं, मेंढ्या, तळं आणि मधोमध हवेली. माणसं होती ती सगळी तिकीट काढून आलेली. खेडं कुठे गेलं, याचं उत्तर मला अनुवाद छापून झाल्यावर मिळालं.

माझी चुलत बहीण डर्बीला राहते. ताईकडे एका उन्हाळ्यात तीन आठवडे राहिले आणि दर रविवारी तिच्या कुटुंबाबरोबर डर्बीशायर परगण्यात कुठे ना कुठे गेले. पहिल्या रविवारी गेलो केडलस्टन हॉलला. शहरापासून अगदी जवळ. ताईने मेथीचे पराठे घेतले होते, भावजींनी चटई, मुलांनी चेंडू. आवारात शिरल्यावर समोर हवेली आली आणि मी थबकले. ही इमारत मी पूर्वी पाहिली होती, तीही रोज, बसच्या खिडकीतून.

मी तौलनिक साहित्याचं एम.ए. कोलकात्यात केलं. एस्प्लनेडजवळची जी इमारत आम्ही राजभवन म्हणून ओळखायचो, ती १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर जनरल वेलस्लीसाठी बांधली गेली आणि तिचा आराखडा केडलस्टनवरून घेतलेला होता. पुढे याच केडलस्टनमध्ये जन्मलेला जॉर्ज कर्झन व्हाइसरॉय होऊन कोलकात्याला आला आणि स्वतःच्या घराच्या प्रतिकृतीत राहू लागला. बंगालची फाळणी करणारा तो हाच.

केडलस्टन पाहायला लोक येतात ते काही आजकाल नव्हे. रॉबर्ट ॲडमने सजवलेली ही हवेली अठराव्या शतकातच पाहण्याजोग्या ठिकाणांत मोडत होती. १७७७ साली डॉ. जॉन्सन आणि बॉसवेल इथे आले होते. पाहुण्यांना घर दाखवायचं काम मिसेस गार्नेट या घरव्यवस्थापक बाईंकडे होतं. त्यांचं तैलचित्र आजही तिथे आहे, हातात माहितीपुस्तिका घेतलेलं. ते पाहताना मला जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या मिसेस रेनल्ड्स आठवल्या. १८१३ सालच्या त्या कादंबरीत एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डर्बीशायर पाहायला येते, आणि मालक घरी नाही अशा समजुतीने पेम्बर्ली बघायला जाते. अशाच एका बाई खोल्या दाखवतात, मालकाबद्दल चार चांगले शब्द सांगतात आणि कथेचा रोख बदलतो. एम.ए.ला आम्ही या प्रसंगावर तासन्‌तास बोललो होतो. तो प्रसंग म्हणजे त्या काळचा 'डे आउट' आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अर्थात तेव्हा ही सोय बऱ्या कपड्यातल्या, घोडागाडीतून येणाऱ्या माणसांपुरती होती.

जेवण झाल्यावर मुलं चेंडू खेळायला गेली आणि मी हवेलीला खेटून उभ्या असलेल्या चर्चकडे गेले. गावाचं चर्च, पण गाव नाही. सन १७६०च्या आसपास सर नथॅनिएल कर्झनने नवी हवेली उभारताना जुनं केडलस्टन गाव तिथून हलवलं. रस्ता हलवला, गिरणी हलवली, घरं पाडून लोकांना दूर वसवलं. चर्च तेवढं राहिलं. मग उघड्या जागेवर झाडं लावली, ओढा अडवून रुंद केला, आणि जे तयार झालं त्याला आज आपण इंग्लंडचं निसर्गसौंदर्य म्हणतो. आमची चटई जिथे अंथरली होती ती मोकळीक कुणीतरी मुद्दाम केलेली होती.

पुढच्या रविवारी चॅट्सवर्थ. ही ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांची, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याची हवेली. २००५ सालच्या चित्रपटात पेम्बर्ली म्हणून हीच दिसते, त्यामुळे गर्दी भरपूर. पण खरी गर्दी सुरू झाली ती १८४९ साली. त्या वर्षी डर्बीहून रेल्वे रोझ्लीपर्यंत आली. तिथून चॅट्सवर्थ तीन मैल. त्या एका उन्हाळ्यात सुमारे ८०,००० माणसं आली. सहाव्या ड्यूकचा हुकूम असा होता की येणाऱ्या प्रत्येकाला घर दाखवायचं आणि कारंजी सगळ्यांसाठी सोडायची. रशियाच्या झारसाठी १८४४ साली बांधलेलं प्रचंड कारंजं झारने कधीच पाहिलं नाही. रेल्वेतून उतरलेल्या लोकांनी पाहिलं.

या बागेचा प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन. त्याने ड्यूकच्या पैशांवर जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी १८३५ साली भारतात धाडला. गिब्सन कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून खासी टेकड्यांत गेला आणि ऑर्किडच्या पेट्या भरभरून घेऊन परतला. मॉरिशसमार्गे आलेली एक बुटकी केळ पॅक्स्टनने काचघरात वाढवली. मालकाच्या आडनावावरून तिला 'कॅव्हेंडिश' म्हणू लागले. माझा भाचा तेव्हा बाकावर बसून केळं खात होता. त्याला सांगितलं की हे केळं या घराच्या आडनावाचं आहे. तो म्हणाला, "मावशी, हे सुपरमार्केटचं आहे." दोघांचंही बरोबर होतं. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश कुळातल्या.

चॅट्सवर्थच्या गावाचं नाव लिहिताना 'एडेन्सॉर' आणि म्हणताना 'एन्झर'. तेही हलवलेलं. हवेलीतून दिसणारी घरं आधीच पाडली गेली होती. सहाव्या ड्यूकने आणि पॅक्स्टनने १८३८पासून चारेक वर्षांत टेकडीमागे नवं, देखणं गाव बांधलं. घरं चांगली होती, हे खरं. पण ती हवेलीच्या खिडकीतून दिसत नव्हती, हेही खरं. जुन्यापैकी एकच घर रस्त्याच्या या बाजूला भिंतीच्या आत एकटं उभं आहे. बहुतेक गाड्या त्याच्यासमोरून न थांबता जातात.

तिसऱ्या रविवारी ताईने विचारलं, "तिकीट नसलेल्या ठिकाणी जाऊया का?" आम्ही किंडर स्काउटच्या पायथ्याशी गेलो. हे पठार म्हणजे ओसाड माळरान, वर वारा आणि पायाखाली काळा दलदलीचा चिखल. एकोणिसाव्या शतकात कुंपणं पडली आणि हे रान ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलं गेलं. वर्षात मोजके दिवस बंदुका वाजायच्या, बाकीचे दिवस रखवालदार पहारा द्यायचे. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काहीशे तरुण कामगार ठरवून या बंद रानात चढले. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांतला बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने.

त्या शिक्षांनी लोक चिडले आणि मागणी वाढत गेली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, १९५१ साली हाच पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरला, आणि २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळरानं व सामाईक जमिनींवर पायी हिंडण्याचा हक्क मिळाला. तो इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के भूमीपुरताच आहे. २००२ साली, सत्तराव्या स्मरणदिनी, चॅट्सवर्थचा अकरावा ड्यूक तिथे आला आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्याने जाहीर माफी मागितली. रानाचा भाग त्याच घराण्याचा होता. कारंजी सगळ्यांसाठी सोडणारं आणि माळरान सगळ्यांना बंद करणारं घर एकच.

माफी मागणारा हा ड्यूक स्वतः अडचणीतून गेलेला होता. १९५० साली त्याचे वडील वारले तेव्हा वारसा कर ८० टक्के होता. तो भागवताना घराण्याने जमिनी, चित्रं आणि हार्डविक हॉल ही दुसरी हवेलीच देऊन टाकली. मग चॅट्सवर्थला स्वतःची कमाई उभी करावी लागली. १९७३ साली तिथे मुलांसाठी गोठा आणि खेळाचं मैदान सुरू झालं. दूध कुठून येतं हे शहरी मुलांना तिथे गाय पिळून दाखवतात. माझ्या भाचीला सगळ्या चॅट्सवर्थमध्ये तेवढंच आवडलं. मी मात्र गोठ्याच्या कठड्याला टेकून विचार करत राहिले : खिडकीतून दिसू नये म्हणून ज्यांची घरं हलवली, त्यांच्याकडे गायी असतीलच की.

केडलस्टन १९८७पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या ९३ ठिकाणांचा गुलामगिरी आणि वसाहतींशी असलेला संबंध मांडणारा अहवाल काढला. त्यात केडलस्टन होतं. काही खासदारांनी आणि वर्तमानपत्रांनी त्यावर झोड उठवली. एक नाराजी अशी होती की लोक सुट्टीचा आनंद घ्यायला येतात, त्यांना धडे कशाला? मला ही नाराजी अगदीच परकी वाटत नाही. पराठे खाताना मलाही वेलस्ली नको होता. पण कर्झनचीच गोष्ट घ्या. १९०४ साली त्याने भारतात प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा केला. मायदेशी परतल्यावर टॅटर्शल किल्ल्यातल्या कोरीव शेकोट्या काढून विकल्या जात असताना १९११ साली त्याने किल्लाच विकत घेऊन त्या परत आणल्या. इंग्लंडच्या १९१३च्या स्मारक कायद्यामागेही त्याचा जोर होता. आज एखाद्या इंग्रज कुटुंबाची मुलं पडक्या किल्ल्यात लपाछपी खेळतात, त्यात भारतात शिकलेल्या कारभाराचा अंश आहे. हे सांगितल्याने लपाछपी बिघडत नाही.

अनुवादाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी तो शब्द पुन्हा हातात घेतला. 'गावाबाहेर' लिहिलं असतं, पण मराठीत गावाबाहेर म्हटलं की गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं उभी राहतात, तो इतिहास वेगळा आहे आणि उसना वापरण्यासारखा नाही. 'रानात' लिहावं तर हवेलीची हिरवळ रान नव्हे. 'शिवारात' हा शब्द मनाला फार भावला, कारण शिवार नेहमी कुठल्या तरी गावचं असतं. तेवढ्यासाठीच तो इथे बसेना. शेवटी 'शहराबाहेर' लिहिलं. नेमकं आहे, थोडं रुक्ष आहे. संपादकबाईंना कळवलं की तुमचा प्रश्न बरोबर होता, त्या प्रकरणात खेडं नाही. त्यांनी विचारलं, मग आधी होतं का? मी त्यांना एन्झरच्या त्या एकट्या घराचा फोटो पाठवला.