परत जाण्याचा हेतु

नांदेडहून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी मुदखेड सोडून पुढें निघाली म्हणजे कांहीं वेळानें उमरीचें स्टेशन लागतें. कापसाच्या बाजारामुळें हें गांव आसपासच्या मुलखास पूर्वींपासून परिचित आहे. अलीकडे या भागांतील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न वारंवार आमच्या कानांवर येतो. मुलगा अमेरिकेंत स्थायिक झालेला, मुलगी कॅनडांत. आईबापांनीं वर्षांतून चार-सहा महिने तिकडे राहावें, नातवंडांचें कौतुक करावें, पेरणीच्या सुमारास परत यावें आणि पुढच्या वर्षीं पुन्हां जावें, असा बेत ठरतो. मग सारें अडतें तें एवढ्यावरच, कीं व्हिसा कोणता घ्यावा? पाहुण्याचा, कीं रहिवाशाचा?

हा प्रश्न विमानाबरोबरच जन्मास आला अशी पुष्कळांची समजूत दिसते. पण या मंडळींच्या पणजोबांस परमुलूख गांठण्यासाठीं समुद्र ओलांडावा लागत नसे. पैनगंगा ओलांडली कीं पुरे.

नदीच्या दक्षिणेस निजामाचें राज्य आणि उत्तरेस वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल. (कायद्याच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास वऱ्हाडही निजामाचेंच, १९०२ च्या करारानें तें इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें दिलेलें होतें. तेव्हां उमरीचा मनुष्य उमरखेडास गेला म्हणजे निजामाच्या मुलखांतून निजामाच्याच मुलखांत जाऊन परका ठरे!) अलीकडे हाली रुपया, पलीकडे कलदार, साधारणतः सात हालीस सहा कलदार पडत. मालाच्या गाड्या करोडगिरीच्या नाक्यावर थांबत. भाषा मात्र दोन्ही तीरांवर मराठीच, आणि सोयरिकीही दोन्ही तीरांवर. चार महिने मामाच्या गांवीं जाऊन राहण्यास कोणाची आडकाठी नसे. प्रश्न निघे तो सरकारी नोकरीचा. आणि तो निघाला कीं पहिली विचारणा हीच, कीं तुम्ही मुलकी कीं गैरमुलकी?

या दोन शब्दांमागें पुष्कळ कटुता सांठलेली होती. पहिले सालारजंग हे १८५३ पासून १८८३ पर्यंत हैदराबादचे दिवाण होते. त्यांनीं राज्यकारभाराची घडी नव्यानें बसविली व त्यासाठीं उत्तर हिंदुस्थानांतून शिकलेलीं माणसें आणलीं. पुढें लौकरच कारभारांत फारसीची जागा उर्दूनें घेतली, तेव्हां या नवागतांचें वजन अधिकच वाढलें. स्थानिकांस तें सलावें हें स्वाभाविक होतें. परंतु बाहेरून आलेल्यांची स्थितीही निर्धास्त नव्हती. सरोजिनी नायडू यांचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय हे मूळचे बंगालचे. हैदराबादेंत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणारांत त्यांची गणना होते. १८८३ सालीं चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध लोकमत जागृत करण्यांत त्यांनीं भाग घेतला, आणि त्यांस संस्थानाबाहेर घालविण्यांत आलें. पुढें ते परत आले. परंतु वर्षानुवर्षें राहूनही आपण पाहुणेच आहोंत, हें त्यांस एका हुकुमानें कळून चुकलें होतें.

१९१९ सालीं मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानानें मुलकी नियम निश्चित झाले. गैरमुलकी माणसास नोकरींत घ्यावयाचें तर खुद्द निजामाची खास मंजुरी लागे. मुलकी ठरण्याचे मार्ग मोजकेच होते. जन्मानें संस्थानची प्रजा असणें. जन्मसमयीं बाप सरकारी नोकरींत असून त्याच्या नोकरीचीं पंधरा वर्षें भरलेलीं असणें. मुलकी पुरुषाची पत्नी होणें. आणि शेवटचा मार्ग वास्तव्याचा. या शेवटच्या मार्गापाशीं वाचकांनीं क्षणभर थांबावें, अशी आमची विनंति आहे. संस्थानांत निदान पंधरा वर्षें कायम वास्तव्य झालेलें असावें, एवढ्यानें काम भागत नसे. आपल्या पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा हेतु आपण सोडून दिला आहे, असें प्रतिज्ञापत्र ठरीव नमुन्यावर लिहून मॅजिस्ट्रेटसमोर करावें लागे.

पंधरा वर्षें मोजतां येतात. हेतु कोणत्या मापानें मोजावा? वऱ्हाडांतून आलेला एखादा मास्तर किंवा गुमास्ता घ्या. त्याचें शेत उमरखेडाकडे, म्हातारी आई तेथेंच, कुळधर्म तेथेंच व्हावयाचे. वर्षाचे दहा महिने तो निजामाच्या राज्यांत राही, उरलेले दोन महिने घरीं जाई. अशी पंधरा काय, पंचवीस वर्षें गेलीं तरी परत जाण्याचा हेतु सोडल्याची शपथ त्यानें कोणत्या तोंडानें घ्यावी? घेतली तर आईशीं खोटें, न घेतली तर पोटाशीं वैर. उलट त्याचीच बहीण लग्न होऊन उमरीस आली कीं अक्षता पडतांच ती मुलकी! तिला कोणी हेतु विचारीत नसे, कारण तिनें परत जाण्याची कल्पनाच सोडली असली पाहिजे, हें सर्वांनीं गृहीत धरलेलें होतें. हा नियम वाचतांना आम्हांस हंसूं येतें आणि लगेच तें विरूनही जातें.

मुलकी नियम निव्वळ दुष्टपणाचे होते असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ज्या प्रजेच्या करावर राज्य चालतें तिच्या मुलांस त्या राज्याच्या कचेऱ्यांत जागा मिळावी, ही मागणी न्यायाचीच होती. दुःख एवढेंच, कीं मराठवाड्यांतील मुलाजवळ मुलकीचा हक्क असूनही उर्दूवांचून त्याचा कचेरींत निभाव लागत नसे. कागद होता, कागदाचें फळ दुसऱ्याच्या ताटांत पडे. मराठवाडा १९५६ त मुंबई राज्यांत आला आणि पुढें १९५७ च्या कायद्यानें सरकारी नोकरीसाठीं वास्तव्याची अट येथून उठली. तेलंगणांत ती कांहीं काळ चालू राहिली, तिच्यावरून मोठीं आंदोलनें झालीं, १९७२ त सर्वोच्च न्यायालयानें ती वैध ठरविली आणि १९७३ त संसदेनें ती मोडीत काढली. तो इतिहास आमच्या विषयाच्या बाहेरचा आहे.

उमरीचें नांव इतिहासांत गाजलें तें याच सरहद्दीच्या एका निराळ्या उपयोगामुळें. १९४७-४८ त हैदराबाद मुक्तिसंग्रामांतील कार्यकर्त्यांनीं संस्थानाच्या सीमेबाहेर तळ उभारले. उमरखेडासही असा तळ होता. हीं माणसें महिनेच्या महिने परमुलखांत राहत, रात्रीं सीमा ओलांडून येत आणि पुन्हां परतत. त्यांच्यापाशीं कोणताही परवाना नव्हता. ३० जानेवारी १९४८ रोजीं मुक्तिसैनिकांनीं उमरीची बँक लुटून वीस लाखांहून अधिक रुपये लढ्यासाठीं नेले. त्याच संध्याकाळीं दिल्लीस गांधीजींची हत्या झाली. कायद्यानें या मंडळींस कांहींही म्हटलेलें असो, परत जाण्याचा हेतु म्हणजे काय हें त्यांच्याइतकें स्वच्छ कोणालाच ठाऊक नसेल. सप्टेंबरच्या सतराव्या तारखेस निजामानें शरणागति पतकरली आणि त्यांना उजळ माथ्यानें घरीं येतां आलें.

त्याच वर्षीं देशाच्या दुसऱ्या टोंकास मात्र एक नवी सीमा कागदांनीं बंद होत होती. १९ जुलै १९४८ रोजीं पश्चिम पाकिस्तानांतून भारतांत येणारांसाठीं परवान्याची पद्धति सुरू झाली. परवान्यांचे प्रकार होते: तात्पुरत्या भेटीचा, वारंवार येण्याजाण्याचा, कायम परतण्याचा, असे. प्रवाशास वाटे, आज गाडींत बसावयास मिळालें म्हणजे झालें. सहज मिळतो तो तात्पुरता कागद घ्यावा, पुढचें पुढें पाहूं. या ‘पुढचें पुढें’नें कित्येकांचा घात केला. कारण राज्यघटनेच्या सातव्या कलमानें असें ठरविलें, कीं १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानांत स्थलांतर करून गेला तो भारताचा नागरिक नव्हे. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या किंवा कायम परतण्याच्या परवान्यावर आलेल्याचा.

बिहारमधील एका जमीनदार घराण्यांतील स्त्रीचा खटला १९५५ त सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ती १९४८ च्या जुलैंत कराचीस गेली; औषधोपचारासाठीं गेलें, असें तिचें म्हणणें. डिसेंबरांत ती परतली ती तात्पुरत्या परवान्यावर, आणि त्यासाठीं आपलें वास्तव्य पाकिस्तानांतील असल्याचें तिनें लिहून दिलें होतें. मुदतीनंतर ती परत गेली. मागाहून कायम परतण्याचा परवाना मिळविला, पण तो रद्द झाला. न्यायालयानें ती नागरिक नसल्याचें ठरविलें. तिच्या मनांत खरोखर काय होतें तें देव जाणे. कागदावर जें होतें तेंच तिचें मन ठरलें.

आतां आमच्या उमरीच्या आईबापांकडे वळूं. अमेरिकेचा पाहुण्याचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्यावरून दहा वर्षें राहतां येईल असा कित्येकांचा गैरसमज होतो. मुक्काम किती, हें तेथील प्रवेशस्थानचा अधिकारी दरवेळीं ठरवितो. साधारणपणें तो सहा महिन्यांचा असतो. तेथील कायदा मुळांतच असें धरून चालतो, कीं येणारा मनुष्य राहावयासच आला आहे. तसें नाहीं, आपलें घर मायदेशीं आहे व तेथें आपण परतणार, हें सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. वर्षानुवर्षें सहा महिने तिकडे आणि जेमतेम सहा महिने इकडे असा क्रम ठेवला, तर अधिकाऱ्यास शंका येणारच. म्हणून कांहीं मुलें अमेरिकन नागरिक झाल्यावर आईबापांसाठीं ग्रीन कार्ड मिळवितात आणि काळजी मिटली असें समजतात. तेथें काळजीनें फक्त कूस बदललेली असते. ग्रीन कार्डधारक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिला, तर त्यानें अमेरिकेंतील वास्तव्य सोडलें असें समजलें जाऊं शकतें. आधीं खास परवाना घेतला असला तरच बचाव. म्हणजे एका कागदास उमरी न सोडण्याचा हेतु हवा आणि दुसऱ्यास अमेरिका न सोडण्याचा.

कॅनडानें यांतून एक मधली वाट काढली आहे. आईबाप व आजीआजोबा यांच्यासाठीं तेथें एक निराळाच व्हिसा आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळीं पांच वर्षांपर्यंत राहतां येतें. मुलाचें उत्पन्न पुरेसें असावें व आजारपणाचा विमा उतरविलेला असावा, अशा त्याच्या अटी. दर्जा मात्र पाहुण्याचाच. आमच्या मतें ज्याचें चित्त पेरणीकडे आहे त्यानें पाहुण्याचाच कागद घ्यावा आणि मुक्काम आखडता ठेवावा. ग्रीन कार्ड त्यानेंच घ्यावें, ज्यानें १९१९ चें प्रतिज्ञापत्र न अडखळतां केलें असतें.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं हेंच सांगितलें. शेत विकून टाकावें काय, असा त्यांच्या घरांत विचार चालला होता. तो त्यांनीं सोडून दिला, आणि मुलाखतीस जातांना पासपोर्टाबरोबर शेताचा सातबारा पिशवींत घालून नेला. व्हिसा मिळाला, सातबारा बाहेर काढण्याची वेळच आली नाहीं. त्यांनीं तो घडी न मोडतां परत आणून ट्रंकेंत ठेवला.