दोष माऊसचा नव्हे, ताळमेळाचा

टेबलावर संगणक दोन-तीन, पण माऊस, कीबोर्ड आणि मॉनिटर एकच. मधे केव्हीएम स्विच. बटण दाबले की दुसरा संगणक हाताशी येतो. या मांडणीत माऊस अडखळू लागला, की भल्याभल्यांचे निदान ठरलेले असते : ‘माऊस गेला, नवा घ्या.’

या मताची बाजू आधी नीट मांडू. माऊस स्वस्त असतो, तपासणाऱ्याचा वेळ महाग. बटणाखालचा स्विच झिजतो आणि एका क्लिकचे दोन होतात, हेही खरे. शिवाय एक भाग बदलून पाहणे ही तपासणीची मान्य रीत आहे. हे सारे मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही.

पहिला प्रश्न साधा आहे. तोच माऊस संगणकाला थेट जोडला की सुरळीत चालतो; मग तो बिघडला कसा? जो दोष मधली पेटी काढताच नाहीसा होतो, तो माऊसच्या माथी कोणत्या न्यायाने मारायचा?

आता पुरावा पाहू. १९८७ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर पीएस/२ ही गोल, सहा पिनांची जोडणी आली. तिच्यावरचा साधा माऊस प्रत्येक हालचालीची खबर तीन बाइटांत देतो. चाकाचा माऊस आला आणि चौथा बाइट लागला. संगणक सुरू होताना माऊसला ठरावीक आज्ञा देऊन विचारतो, चाक आहे का? होकार मिळाला की चार बाइटांचा करार होतो. स्विच फिरवताना माऊसची वीज क्षणभर तुटली, की तो करार विसरून तीनवर येतो. संगणक मात्र चारच मोजत राहतो. ‘कमल नयन वजन’ हे शब्द सलग लिहून चार-चार अक्षरांनी वाचा : ‘कमलन’, ‘यनवज’. अक्षरे तीच, अर्थ गेला. पडद्यावर नेमके हेच घडते. हालचालीचा आकडा बटण म्हणून वाचला जातो, बाण कोपऱ्यात उडी घेतो, मेनू आपोआप उघडतात. लिनक्स तर ताळमेळ सुटल्याची नोंदही करून ठेवते. नवा माऊस आणून काय साधणार? तोही याच करारावर चालणार. इलाज करार पुन्हा करण्यात आहे : ड्रायव्हर काढून पुन्हा चढवा, किंवा प्रत्येक संगणकाचा करार लक्षात ठेवणारा स्विच घ्या.

‘पीएस/२ आता जुने झाले, आज सारे यूएसबी आहे,’ असा आक्षेप येईल. यूएसबीत हा घोटाळा होत नाही, हे कबूल. पण तिथे दुसरे दोन आहेत. काही स्विच प्रत्येक फेरीला माऊस उपसून पुन्हा खोचल्यासारखे वागतात. संगणक त्याला नव्याने ओळखेपर्यंत बाण गोठतो. काही स्विच संगणकापुढे स्वतःच माऊस म्हणून उभे राहतात. बाण गोठत नाही, पण हा तोतया साधा असतो आणि खऱ्या माऊसची बाजूची बटणे मुकी होतात. स्विचच्या साध्या यूएसबी हबमध्ये माऊस लावला, की ती बहुधा बोलू लागतात. म्हणजे माऊसही खराब नाही आणि स्विचही नाही. जागा चुकली होती.

बिनतारी माऊसचे प्रकरण तर याहून स्पष्ट आहे. यूएसबी ३.० च्या पोर्ट आणि केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ सालीच मोजून दाखवले. माऊसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यात ऐकतो. मग बाहेरच्या हार्ड डिस्कशेजारी खोचलेला रिसीव्हर अडखळला तर नवल कसले? माऊस बदलून गोंगाट थांबेल काय? थांबणार नाही. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर दूर न्या, एवढे बहुतेक वेळा पुरते.

निवाडा वाचकांनी करावा. माझी विनंती एवढीच : नवा माऊस मागवण्याआधी जुना पाच मिनिटे संगणकाला थेट जोडून पाहा. तिथेही तो चुकला, तर खुशाल बदला. तिथे नीट चालला, तर तो निर्दोष आहे. तपास मधल्या वाटेचा करा.